एंटरच्या बटनाखाली

माझा नवरा जाऊन अठरा दिवस झाले होते, तेव्हा मला लॅपटॉपमध्ये शिरणाऱ्या मुंग्या दिसल्या. बारीक तांबड्या मुंग्या. खिडकीच्या चौकटीवरून उतरायच्या, टेबलाच्या कडेने यायच्या आणि रांगेने एंटरच्या बटनाखाली जायच्या. शेजारच्या कुठल्याही बटनाकडे त्या वळत नव्हत्या. मी बराच वेळ नुसती बघत राहिले. त्या दिवसांत मी तेवढंच करत होते. कोणी आलं की त्यांच्याकडे बघायचे, कोणी गेलं की भिंतीकडे.

येणाऱ्यांचं बोलणं ठरलेलं असायचं. "सुटले बिचारे." "लय तरास होता." "तुमच्या हातची सेवा घेऊन गेले." मी मान हलवायचे. पन्नाशीही न गाठलेला माणूस. तंबाखू नाही, बिडी नाही, दारूचा थेंब नाही. छातीत हवा मावत नाही म्हणून उशांच्या ढिगाला टेकून बसल्या बसल्या गेला, आणि हे म्हणतात सुटले. मला त्यांच्या हातातला चहाचा कप काढून घ्यावासा वाटायचा. पण मी गप्प राहणारी बाई आहे. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वीस वर्षं पुस्तकं देते-घेते. राग आला की फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चढवत बसते. त्या महिन्यात रजेवर होते, त्यामुळे पुठ्ठेही नव्हते.

लॅपटॉप जिनिंगचा होता. दारव्ह्याच्या बाहेर एका जिनिंग फॅक्टरीत ते सोळा हंगाम कामाला होते. तिथे वर्षं मोजत नाहीत, हंगाम मोजतात. दिवाळीच्या आसपास कापूस यायला लागला की यंत्रं सुरू होतात, ऊन तापलं की थांबतात. कापसातून सरकी वेगळी काढायची, रुई दाबून तिच्या गाठी बांधायच्या, आणि प्रत्येक गाठीचं वजन नोंदवायचं. ही नोंद त्यांचं काम. आधी वह्या होत्या. मग कॉम्प्युटर आला, पण लोडशेडिंगमध्ये तो दिवसातून चारदा बंद पडायचा, म्हणून मालकांनी लॅपटॉप घेतला. वजन टाकायचं, एंटर. वजन टाकायचं, एंटर. एंटरवरचा बाण पार पुसला गेला होता.

त्यांचे वडील त्याच जिनिंगमध्ये पाठीवरून कापसाची ओझी वाहत. आमच्या वस्तीतून तिथे खुर्चीवर बसून काम करणारे हे पहिले. काय करता असं कोणी विचारलं की ते म्हणायचे, "ऑफिसात हाओ." तो शब्द उच्चारताना त्यांची मान किंचित ताठ व्हायची. मला ते आवडायचं. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या वडिलांनी हाच शब्द दोनदा विचारून खात्री करून घेतली होती.

ऑफिस म्हणजे एक काचेची खोली होती, पण तिच्यात मॅनेजर बसायचे. यांचं टेबल यंत्रांच्या शेडमध्ये, दाराला लागून. गाठ जिथे बांधली जाते तिथेच तिचं वजन टाकावं लागतं, म्हणून. हे मला माहीत होतं आणि माहीत नव्हतंही. सोळा हंगामांत मी ते टेबल चारदा पाहिलं असेल, आणि चारही वेळा काट्याच्या पूजेच्या दिवशी. हंगाम सुरू व्हायच्या दिवशी वजनकाट्याची पूजा होते, पहिली गाडी घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला नारळ आणि शेला देतात, घरच्यांना पेढे खायला बोलावतात. ते पूजेत बसत नसत, बाजूला उभे राहून पेढे वाटत. त्या दिवशी यंत्रं बंद असतात. शेड झाडून, पाणी मारून लख्ख केलेली असते. मी त्या लख्ख शेडमधली खुर्ची पाहायचे आणि समाधानाने घरी यायचे.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला जिनिंगचे मॅनेजर आले होते. फोटोला फुलं वाहिली, बुद्धवंदना संपेपर्यंत हात जोडून उभे राहिले. माणूस वाईट नाही. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, मालकानं सांगतलं, हे जागा दुसऱ्या कोणाले द्यायची नाही. पोरीले पाठवा. काट्याची पूजा झाली का त्याच दिवसापासून बसू द्या तिले."

"ती बी. कॉम. झाली आहे," मी म्हणाले.

"मंग तं झालंच. बापाची खुर्ची पोरीले. अन् लॅपटॉप घरीच राहू द्या, तिचा हात बसन. फक्त ते एंटर जड चालते. भाऊ लय ठोकत होते त्याले. तेवढं पाहून घ्या."

मी हात जोडले. खोटं कशाला सांगू, मनापासून जोडले. ती वर्षं तशी होती. कापसाला भाव नव्हता. तालुक्यातल्या दोन जिनिंग बंद पडल्या होत्या. शिकलेली पोरं घरी बसून होती. बाहेरून गाड्या भरून माणसं आमच्या जिल्ह्यात यायची, शेतात जायची, बांधावर उभं राहून फोटो काढायची, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात यवतमाळ म्हणून छापून यायचं. त्यातली एक गाडी कधी जिनिंगच्या फाटकाशी थांबलेली मी पाहिली नाही. अशा वर्षात दारी नोकरी चालून आली होती. मुलगी एकवीस वर्षांची. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "आई, मी बाबाच्याच खुर्चीवर बसीन." मला वाटलं, घर उभं राहिलं.

तर मुंग्या. मुंग्या मी फडक्याने झटकल्या आणि एंटर दाबून पाहिलं. ते खाली जातच नव्हतं. जोर लावला की जायचं, आणि मग वर यायचं नाही. नखाने उचलावं लागे. पूजेला सहा दिवस उरले होते.

मुलगी आणि मी बसस्टँडसमोरच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने बटन दोनदा दाबलं आणि लॅपटॉप परत सरकवला. "पुरा कीबोर्डच बदला लागते. नागपूरवून मागवा लागन. आठ-दहा दिवस धरा."

"एका बटनासाठी?" मी विचारलं.

"मॅडम, आपला एक दात किडला तं डॉक्टर एक दात काढते. याचं तसं नाही. याचा जबडाच येते पुरा."

मुलगी हसली. बाप गेल्यानंतर पहिल्यांदा. मग आपण हसलो हे तिच्या लक्षात आलं आणि तिने ओठ घट्ट मिटले. तिथून घरी येताना मी ठरवलं की हे बटन मी स्वतः काढीन. पुस्तकाची शिवण उसवून पुन्हा घालणारी बाई मी, बटन काय चीज आहे.

मुलीने नेटवर वाचून घेतलं होतं. लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, उलटा करून बॅटरीही काढली. टेबलावर पांढरं फडकं अंथरलं, म्हणजे काही उडालं तर दिसावं. तेवढ्यात मुलगी आतून शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन आली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"बाबा हेच टाकत होते."

"कशात टाकत होते?"

"त्या बटनात. जड झालं का एक थेंब. मलेच आणाले सांगत."

मी तिच्याकडे बघतच राहिले. जिनिंगच्या माणसांची ही रीत. जड चाललं की तेल. दाराची कडी, सायकलची साखळी, खुर्चीचं चाक, सगळ्याला एकच औषध. यंत्रांच्या शेडमध्ये सोळा हंगाम काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? पण मला राग आला. इतकी वर्षं रोज लॅपटॉपवर काम केलं आणि त्याला तेल घातलं! बायको ग्रंथालयात बसते, तिला एकदा विचारायचं तरी. मेलेल्या माणसावर रागावणं सोपं असतं. तो उत्तर देत नाही. मी त्या दुपारी त्यांच्यावर मनसोक्त रागावून घेतलं. मला वाटत होतं, माझा सगळा राग एवढाच आहे.

नख घासायची पातळ पट्टी एंटरच्या वरच्या कोपऱ्याखाली सरकवली आणि हळूच उचललं. टक्क आवाज झाला. काही तुटलं असं वाटून हात थांबला. पण तुटलं नव्हतं, एक कोपरा सुटला होता. मग दुसरा. एंटर लांब असतं म्हणून त्याच्या खाली एक बारीक तारही असते, दोन्ही टोकांना आकड्यात अडकवलेली. ती हळूच काढली आणि बटन हातात आलं.

त्याच्या खाली नमदा होता.

लोकर दाबून करतात तसला. दुसरा शब्द मला सापडत नाही. बटनाच्या मापाचा, पुस्तकाच्या पुठ्ठ्याएवढा जाड, तपकिरी, दाबून दाबून कातड्यासारखा झालेला. चिमट्याने धरला तर अख्खा उचलला गेला. उजेडात धरला तेव्हा कडेला बारीक पांढरे तंतू सुटे दिसले. रुई होती ती. हवेतून येऊन बसलेली रुई, तिच्यावर तेल, त्याच्यावर पुन्हा रुई, आणि वरून रोज शेकडो वेळा बसलेलं एक बोट. बोटाला लावून पाहिलं तर चिकट. हुंगलं तर तेलाच्या वासाखाली गोडसर वास.

"गूळ हाय," मुलगी म्हणाली.

तिला लगेच कळलं, कारण त्यांच्या शर्टाच्या खिशात रोज कागदाची पुडी असायची. यंत्रांजवळ काम करणाऱ्यांना जिनिंगमधून रोज गुळाचा खडा मिळतो. घसा साफ राहतो म्हणतात. ते अर्धा खडा खात आणि अर्धा मुलीसाठी आणत. लहानपणी ती फाटकात वाट बघत उभी असायची. गुळाच्या बोटांनीच ते एंटर दाबत असणार.

मुंग्यांचं कोडं सुटलं होतं. मुलीने विचारलं, "पुसाले कापूस आणू?"

"कापूस नको!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारची बाई दारात येऊन डोकावली.

जुन्या साडीचा मऊ तुकडा स्पिरिटमध्ये बुडवून मी तो चौकोन पुसला. आत एक बारीक रबराची वाटी असते, तीच बटनाला वर ढकलते. ती शाबूत होती. तिच्याभोवती कात्रीसारख्या एकमेकींत अडकवलेल्या दोन पांढऱ्या पट्ट्या, त्याही शाबूत. नुसतं त्यांना हलायला जागा उरली नव्हती. सगळं वाळू दिलं, पट्ट्या बसवल्या, बटन ठेवून दाबलं. खाली गेलं, वर आलं नाही. तार आकड्यात बसली नव्हती. पुन्हा काढलं, तार आधी अडकवली, मग दाबलं. टक्क. बोट उचललं की बटन वर. नव्यासारखं. अर्ध्या तासाचं काम.

मुलीला आनंद झाला. मला व्हायला हवा होता. मी तो नमदा फेकणार होते, पण हात उठेना. हे टेबलावरच्या एका बटनाखाली साठलं, तर त्याच टेबलामागे तोंड आणि नाक घेऊन जो माणूस बसला होता, त्याच्या आत काय साठलं असेल? हा प्रश्न कोणालाही पडेल. मला सोळा हंगाम पडला नाही.

नमदा मी औषधाच्या रिकाम्या डबीत घातला आणि दुसऱ्या दिवशी यवतमाळची बस धरली. छातीच्या डॉक्टरांकडे आम्ही तीन वर्षं जात होतो. त्यांनी क्षयाची तपासणी केली, दम्याची औषधं दिली, बिडीबद्दल पुन्हा पुन्हा विचारलं, इतकं की एकदा हे चिडून म्हणाले, "डॉक्टर साहेब, शपथ घेऊ का?"

डॉक्टरांनी डबी उघडली, भिंगाखाली धरली. "हे कुठून काढलं?"

मी सांगितलं.

त्यांनी जुना कागद काढला. "इथे तर कामाच्या जागी ऑफिस लिहिलंय. तुमच्या मिस्टरांनीच सांगितलेलं."

"हो," मी म्हणाले. "मीही शेजारीच बसले होते."

त्यांनी कागद बाजूला ठेवून विचारलं, "आता खात्रीने काही सांगता येणार नाही. पण मला एक सांगा. आठवड्याच्या सुटीनंतर, पहिल्या दिवशी, त्यांना त्रास जास्त व्हायचा का? आणि पुढे दोन-तीन दिवसांत उतरायचा?"

मी खुर्चीचा हात धरला.

जिनिंगला आठवडी बाजाराच्या दिवशी सुटी असते. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी हे कामावर जायचे आणि संध्याकाळी छाती आवळून, तापासारखं अंग घेऊन परत यायचे. पुढच्या दिवशी कमी. त्याच्या पुढच्या दिवशी ठणठणीत. दर आठवड्याला. जिनिंगमधल्या सगळ्यांचंच असं व्हायचं आणि तिथे त्याला नावही होतं. बाजार बाधला. सगळे म्हणायचे, बाजारातली भजी बाधली. तेल खराब असते तिथलं. यांनी भजी सोडली. मग आलूवडे सोडले. मग बाजारात जाणंच सोडलं, मी एकटी पिशव्या उचलून आणायचे. तरी बाजार बाधतच राहिला. मग आम्ही वेगळा निष्कर्ष काढला. घरी बसलं की यांना बरं वाटत नाही, कामावर गेलं की दोन दिवसांत ठीक होतात. म्हणजे सुटीच बाधते. शेवटच्या दोन हंगामांत ते सकाळी खाटेवर बसून राहायचे, चप्पल घालावीशी वाटायची नाही, तेव्हा मी डबा हातात देत म्हणायचे, "जा, कामाला गेलात की बरं वाटेल."

मी म्हणायचे. मॅनेजर नाही, मालक नाही. वीस वर्षं पुस्तकांत बसलेली मी.

डॉक्टर सांगत होते, रुईच्या धुळीने असं होतं, पहिल्या दिवशी छाती आवळते, मग शरीर सवय करून घेतं, आणि त्या सवयीलाच लोक बरं होणं समजतात. वेळेवर कळलं असतं, माणूस तिथून बाहेर पडला असता, तर. पुढे त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही. मलाही ते पूर्ण नको होतं. मी विचारलं, "तुम्ही का नाही विचारलंत? कापसाच्या जिल्ह्यात बसून छातीचा दवाखाना चालवता, कोणतं ऑफिस हे एकदा विचारता आलं नसतं?"

मी कोणाशी असं बोलत नाही. ते रागावले नाहीत. म्हणाले, "विचारायला हवं होतं." त्याने माझा राग आणखी वाढला. भांडायला समोर कोणी उरलं नाही.

घरी आले तेव्हा मुलगी लॅपटॉपवर आकडे टाकायचा सराव करत होती. एंटरचा हलका आवाज येत होता, टिक, टिक. मी पिशवी ठेवली आणि सांगितलं, तू तिथे जाणार नाहीस. का, ते सगळं सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी तोंडाले रुमाल बांधीन."

"बाबाही बांधायचे."

"मी टेबल काचेच्या खोलीत मागीन. सांगीन त्यायले."

"देणार नाहीत. गाठ जिथं बांधतात तिथंच वजन टाकावं लागतं."

"मंग काय करू मी? घरी बसू? तुह्या लायब्ररीतले पुस्तकं वाचू?" तिचा आवाज चढला. "तूच म्हणत होती ना बाबाले, जा, बरं वाटंन? रोज म्हणत होती. आता मले म्हणते जाऊ नको. आपलं एकदा ठरव तं खरं!"

मी तिला मारलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. गालावर माझी बोटं उठली आणि आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. मग ती आत गेली आणि रात्रीपर्यंत बाहेर आली नाही. जेवण झाकून ठेवलं ते तसंच राहिलं.

पूजेच्या आदल्या दिवशी मॅनेजर आले. त्यांना तयारी बघायची होती. मी बोलायच्या आधी मुलगीच पुढे आली. गालावरचं आता काही दिसत नव्हतं. लॅपटॉप तिने हातात धरला होता.

"झालं का तयार एंटर?" मॅनेजरांनी विचारलं.

"झालं. काका, एक विचारू?"

"विचार ना बाई."

"मी ऑफिसात बसणार ना?"

"हो. बाबा बसत होते तिथंच."

"मंग बाबाले गूळ कायले देत होते? तुमच्या काचेच्या खोलीतल्या कोणाले भेटते का गूळ?"

मॅनेजर हसले. मग त्यांचं हसू गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डबी उघडून त्यांच्यासमोर धरली. काय आहे ते त्यांना सांगावं लागलं नाही. जिनिंगचा माणूस रुई ओळखतो.

"वहिनी," ते म्हणाले, "जिनिंग हाय. रुई उडनच ना. आमी का मेलो?"

"तुम्ही काचेच्या आत आहात."

"तसं नका बोलू. मालक चांगला माणूस हाय. दवाखान्यात फळं पाठवले होते त्यानं. जागा राखून ठेवली तुमच्यासाठी."

"पंखा का नाही लावला? धूळ बाहेर ओढणारा पंखा. सोळा हंगामांत."

"मी मालकाजवळ बोलीन," ते म्हणाले. त्यांच्या आवाजावरून आम्हा तिघांनाही कळलं की ते बोलणार नाहीत. मुलीने लॅपटॉप त्यांच्या हातात दिला. ते उठले, दारापर्यंत गेले, वळून म्हणाले, "पोरीचं नुकसान करून राह्यल्या तुम्ही." मी कडी लावली. माझ्या रागात हेही होतं की कदाचित ते खरं बोलत असतील.

त्या नकाराला राजीनामाही म्हणता येत नाही. नोकरी कधी लागलीच नव्हती. मालकांना मी पत्र लिहिलं, माझ्या हाताने, चार पानं. शेवटी कामाचा दाखला मागितला. दाखला आला. कामाचं स्वरूप: कार्यालयीन. दुरुस्तीसाठी परत पाठवला. पुन्हा तोच आला. दुसऱ्यांदा परत पाठवला तो आलाच नाही. मी अजून पत्रं लिहिते. रजा संपल्यावर ग्रंथालयात परत गेले, आणि तिथल्या कपाटात उरलेली सगळी फाटकी पुस्तकं त्या हंगामात बांधून काढली.

पण मला सांगायचं आहे ते वेगळं. पूजा झाली आणि तिसऱ्या दिवशी खुर्ची भरली. आमच्याच वस्तीतली मुलगी, आमच्यापासून चौथं घर. माझ्या मुलीच्या वर्गात होती. आई बाजारात भाजी विकते, बाप लहानपणीच गेलेला. मी सकाळी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. आई मेथीच्या जुड्या बांधत होती.

"या ना मॅडम, बसा. पोरगी गेली कामावर. आज चौथा दिवस," ती म्हणाली. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. माझाही असाच फुलला असणार, पुण्यानुमोदनाच्या दिवशी.

मी सांगितलं. डबी दाखवली. बाजाराचं सांगितलं, भज्यांचं सांगितलं. मी त्यांना कामावर पाठवत होते हेही सांगितलं. ते मी माझ्या मुलीशिवाय कोणाशी बोलले नव्हते. तिने जुडी खाली ठेवली, डबी हातात घेतली, नीट पाहिली, परत दिली. माझी अपेक्षा होती की ती चिडेल. तुम्हाला पगार आहे, तुम्हाला सुचते, असं म्हणेल. तसं म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं.

"खरंच असंन," ती म्हणाली. "तुमी शिकलेल्या हा, खोटं कायले सांगसान. मंग कुठं पाठवू तिले, सांगा."

ती टोमणा मारत नव्हती. विचारत होती. माझ्याकडे उत्तर असेल अशा विश्वासाने तोंडाकडे बघत होती.

मी म्हणाले, कपड्याच्या दुकानात. ती म्हणाली, विचारलं, पोरंच ठेवतात. मी म्हणाले, नेरला एका पतसंस्थेत जागा निघणार आहे असं ऐकलं. ती म्हणाली, फॉर्म भरला, तिथं आधीच कोणाचा भाचा ठरला आहे. मी म्हणाले, माझ्या ग्रंथालयात. आणि थांबले, कारण माझ्या ग्रंथालयात जागा नव्हती हे मला माहीत होतं. माझ्या स्वतःच्या मुलीसाठी मी तीनदा विचारलं होतं.

तिने पुन्हा जुडी उचलली. "तुमी बसा, च्या ठेवते," म्हणाली.

मी बसले.